तिच्या पाठीशी ताई, ताईच्या पाठीशी कोण?

दसरा-दिवाळी उलटली की समुपदेशन केंद्राच्या नोंदवहीत शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द पुन्हा पुन्हा दिसायला लागतो : 'कारखान्यावर'. जालना जिल्ह्यातल्या मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड, भोकरदन या भागांतल्या वाड्या-तांड्यांवरून ट्रक-ट्रॅक्टर भरून माणसं ऊस तोडायला निघतात. कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी थेट कर्नाटकात. घरी म्हातारी माणसं राहतात आणि शाळेत नाव असलेली थोडी मुलं.

ज्या बाईनं श्रावणात केंद्रात येऊन पाठीवरचे वळ दाखवले, तिला कार्तिकात त्याच नवऱ्याबरोबर, एकाच कोपीत, म्हणजे झोपडीत, पाच-सहा महिने काढायचे असतात. तिला अक्कल नाही किंवा ती घाबरट आहे, असं समजणाऱ्यांनी कोयता म्हणजे काय ते आधी समजून घ्यावं. ऊसतोडीत कोयता हे हत्यार आहे तसं हिशेबाचं मापही आहे. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती जोडीला देतो. ती उचल लग्नात, दवाखान्यात, जुन्या देण्यात कधीच संपलेली असते आणि ती फेडायची असते दोघांच्या अंगमेहनतीनं. बाई मधेच निघून गेली तर उरतो अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला मजुरी अर्धी पण कर्ज पुरं. मग मुकादमाची माणसं तिच्या माहेरच्या दारात उभी राहतात. बापानं आपलीही उचल घेतलेली असते. तो लेकीला म्हणतो, "बाई, एवढा सीझन नांद. मग बघू."

'मग बघू' म्हणजे चैत्रात. कारखाने बंद होतात, माणसं परततात. त्यातली एखादी बाई पोराला कडेवर घेऊन केंद्राची पायरी चढते आणि विचारते, "त्या ताई आहेत का?" संस्थेचं नाव तिला ठाऊक नसतं. पाटीवर काय लिहिलंय ते तिनं कधी वाचलेलं नसतं. तिला आठवतो तो चेहरा, ज्याच्यासमोर ती एकदा बोलली होती.

आणि ताई नसते. प्रकल्प ३१ मार्चला संपला. नवीन मंजुरी आली नाही. ताई आता एका खासगी शाळेत नोकरीला लागली.

माणसं परतण्याची वेळ आणि प्रकल्प संपण्याची तारीख इतकी एकमेकांच्या अंगावर येते, हे मला बरीच वर्षं लक्षातच आलं नव्हतं. एकदा आल्यावर मात्र डोक्यातून गेलं नाही. घरातल्या हिंसेनं पोळलेल्या कुटुंबांसाठी काम करणाऱ्या संस्थांचं नेतृत्व कोणाला म्हणायचं, ते नेतृत्व करणाऱ्यांनी नेमकं काय करायचं, हा या पुस्तिकेचा विषय. तिची प्रस्तावना लिहायला बसले तेव्हा मला सर्वांत आधी ही रिकामी खुर्ची आठवली. माझं म्हणणं त्या खुर्चीपुरतंच आहे : अशा संस्थेच्या प्रमुखाचं पहिलं काम म्हणजे ऐकून घेणाऱ्या बाईला तिच्या जागेवर वर्षानुवर्षं टिकवून ठेवणं. बाकीची सगळी कामं त्याच्या मागून येतात.

जालना जिल्हा १ मे १९८१ ला औरंगाबादेतून वेगळा झाला. आठ तालुके, २०११ च्या जनगणनेत साडेएकोणीस लाखांच्या पुढे लोकसंख्या, पाचातले चार जण खेड्यात राहणारे. शहरात बियाण्यांच्या कंपन्या आहेत, पोलादाचे कारखाने आहेत, मोंढा आहे. शहराबाहेर कापूस, सोयाबीन, मोसंबीच्या बागा आणि पावसाकडे लागलेले डोळे. जाफराबादच्या बाईचं माहेर बुलढाण्यात असतं, मंठ्याच्या बाईचं परभणीत. तिची तक्रार एका जिल्ह्यात, दागिने दुसऱ्या जिल्ह्यात आणि नवरा तिसऱ्याच ठिकाणी ऊस तोडतोय, असं सर्रास होतं. शेजारच्या परभणीत वीस ते चोवीस वयाच्या दर शंभर बायकांपैकी सुमारे ४८ जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) आढळलं. जालन्याचं दुखणंही त्याच प्रकारचं आहे. कोयत्याला जोडी लागते म्हणून पोरीचं लग्न लवकर उरकलं जातं. सोळाव्या वर्षी सासरी गेलेली मुलगी विशीत केंद्रात येते तेव्हा तिच्याजवळ दोन मुलं असतात आणि शाळेचा दाखला नसतो.

याच सर्वेक्षणातला आणखी एक आकडा संस्थेत काम करणाऱ्या प्रत्येकानं पाठ करावा. महाराष्ट्रात लग्न झालेल्या दर चार बायकांमागे एकीनं नवऱ्याची हिंसा सोसलेली आहे. आणि देशभर ज्या बायकांनी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली, त्यांतल्या ७७ टक्के कधी कोणाकडे बोललेल्याच नाहीत. मदत मागितली ती १४ टक्क्यांनी, आणि त्यांतल्याही बहुतेकींनी माहेरच्यांकडे. म्हणजे केंद्राची पायरी चढणारी बाई ही फार दुर्मीळ बाई असते. ती किती वेळा अर्ध्या वाटेतून परत गेली असेल हे आपल्याला कधी कळत नाही. अशी बाई आली आणि खुर्ची रिकामी दिसली, तर ती पुन्हा येत नाही.

कायद्याबद्दल पुढच्या पानांत सविस्तर आहे, मी थोडक्यात सांगते. १९८३ साली भारतीय दंड संहितेत ४९८-अ आलं. आता ते भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ मध्ये आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्यानं तुरुंगाच्या पलीकडचं बरंच काही एका ठिकाणी दिलं : राहत्या घरातून हुसकावून न लावण्याचा हक्क, संरक्षणाचा आदेश, खावटी, मुलांचा ताबा. कलम २७ प्रमाणे बाई तात्पुरती जिथं राहते तिथल्या न्यायालयातही अर्ज करता येतो, आणि आपल्यासारख्या स्थलांतराच्या जिल्ह्यात हे कलम सोन्याच्या मोलाचं आहे. याच कायद्यानं नोंदणीकृत स्वयंसेवी संस्थांना 'सेवा पुरवठादार' म्हणून जागा दिली. संस्था घटनेचा अहवाल लिहून दंडाधिकाऱ्यांकडे आणि संरक्षण अधिकाऱ्यांकडे पाठवू शकते, बाईची वैद्यकीय तपासणी करवू शकते, तिला निवाऱ्यात पोचवू शकते. २०१५ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत 'सखी' वन स्टॉप सेंटर सुरू झाली, तिथं तात्पुरता मुक्काम पाच दिवसांपर्यंत.

सहाव्या दिवशी काय, हा प्रश्न ज्यांच्यासमोर येतो ती माणसं या पुस्तिकेची वाचक आहेत.

या कामात आपल्याकडे मोठी माणसं होऊन गेली. १८६३ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं, आणि येणाऱ्या विधवांची बाळंतपणं सावित्रीबाईंनी स्वतःच्या देखरेखीखाली केली. १८८९ ला पंडिता रमाबाईंचं शारदा सदन उभं राहिलं. १९८२ साली पुण्यात मंजुश्री सारडा या विवाहितेच्या मृत्यूनं पेटलेल्या संतापातून विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांची नारी समता मंच ही संघटना आली. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेनं मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. समाजकार्यकर्ती पोलिसांच्या आवारात बसते ही कल्पनाच तेव्हा नवी होती, पुढे ती राज्यभर पसरली. संगमनेरला निशा शिवूरकरांनी नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांचा प्रश्न चावडीवर आणला. आणि आपल्या अगदी शेजारी, अंबाजोगाईला, मराठीच्या प्राध्यापक शैला लोहिया यांनी 'मानवलोक'च्या अंगणात 'मनस्विनी' उभी केली. मराठवाड्यात या कामाची वाट त्यांनी पाडली, असं मी मानते.

पण या नावांबरोबर एक चूकही आपल्या हातून झाली. आपण संस्थापक लक्षात ठेवले आणि संस्था चालवणारी दुसरी फळी विसरलो. निवाऱ्याची अधीक्षिका, रात्रपाळीची मावशी, लेखनिक, तालुक्याची समन्वयक, न्यायालयात तारखेला उभी राहणारी समुपदेशक यांच्यावर आपल्याकडे कोणी चार ओळी लिहिलेल्या नाहीत. प्रत्यक्षात रात्री दोनला दार कोणी उघडायचं, हा निर्णय मावशी घेते. तोही नेतृत्वाचाच निर्णय असतो.

एक प्रसंग मी जवळून पाहिलेला आहे. आठवड्याची केस बैठक चालू होती. जमिनीवर सतरंजी, मधे फायली, चहाचे कागदी कप. समुपदेशक एका केसबद्दल सांगत होती, तेवढ्यात संस्थेच्या कार्यवाहांचा फोन वाजला. गावातलं वजनदार माणूस बोलत होतं. आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता : पोरगा आपल्यातलाच आहे, मिटवून टाका, बाईला समजावून सांगा, ताईंनी जरा जास्तच लावून धरलंय. कार्यवाह बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "दादा, ही केस माझी आहे. ताईंना फोन करू नका. जे बोलायचं ते माझ्याशी बोला." फोन ठेवला आणि समुपदेशकाला म्हणाल्या, "हं, पुढं सांग." केस त्यांची नव्हती. त्या बाईचं नावही त्यांना त्या दिवशीच कळलं होतं. त्या एका वाक्यानं ती समुपदेशक आणखी किती वर्षं त्या संस्थेत राहिली असेल! वरचा दाब वरच अडवायचा, तो खाली झिरपू द्यायचा नाही. प्रशिक्षणाच्या कुठल्याही तक्त्यात न बसणारं हे काम.

'मिटवून टाका' हा आपल्या भागातला सर्वांत जड शब्द आहे. बैठकीत चार पंच बसतात, नवऱ्याकडून मुद्रांकावर लिहून घेतात की पुन्हा हात उचलणार नाही, आणि बाईला नांदायला पाठवतात. संस्थाही नकळत या वाटेला लागते, कारण अहवालात 'समेट झालेल्या केसेस' हा रकाना असतो आणि तो भरलेला चांगला दिसतो. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालच्या २००६ च्या नियमांतला १४ वा नियम यासाठी वाचावा. समुपदेशनात नवऱ्याला आपल्या मारहाणीचं समर्थन मांडता येत नाही, असं त्यात स्पष्ट आहे. 'तिनं उलट उत्तर दिलं म्हणून' हे वाक्य समुपदेशकाच्या टेबलावर चालत नाही. प्रमुखानं हा नियम स्वतः वाचावा, भिंतीवर लावावा, आणि समेटाचा आकडा विचारणाऱ्या देणगीदाराला सांगावं की आम्ही तो मोजत नाही. सहा महिन्यांनी ती बाई सुखरूप आहे का, एवढंच आम्ही मोजतो.

आता पैशाचं बोलते, कारण टिकण्याचा प्रश्न अखेर तिथंच येऊन थांबतो. परदेशी निधीच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली. एका संस्थेला आलेला परदेशी निधी तिनं दुसऱ्या संस्थेला देण्यावर बंदी आली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. त्याआधी मुंबई-पुण्याच्या मोठ्या संस्थांच्या हातून तालुक्याच्या लहान संस्थांपर्यंत पैसा पोचायचा, ती वाट बंद झाली. सरकारी अनुदान उशिरा येतं, हे या क्षेत्रात कोणाला सांगावं लागत नाही. उरतो उद्योगांचा सामाजिक दायित्व निधी. २०१४ पासून ठरावीक नफ्याच्या वरच्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्च करावे लागतात. जालन्यासारख्या उद्योगी शहरात हा आधार मोठा असायला हवा होता.

तो होत नाही, कारण आमच्या कामाचा फोटो काढता येत नाही. शाळेला बाकं दिली, फोटो निघतो. तलावातला गाळ काढला, फोटो निघतो. निवाऱ्यातल्या बाईचा चेहरा दाखवता येत नाही, निवारा कुठं आहे हेही सांगता येत नाही. तिथल्या मुलाची शाळा बदलली, दाखल्यासाठी ताई तीन वेळा जुन्या गावी गेली, तो मुलगा आता झोपेत दचकत नाही, याचा फोटो कसा काढणार? शिवाय देणगीदार इमारत देतात, संगणक देतात, शिलाई मशिनं देतात. पगार म्हटलं की हात आखडतो. या कामात पगार हेच काम आहे. ऐकून घेणाऱ्या माणसावाचून इमारतीत काहीच घडत नाही.

मराठवाड्यातली एक संस्था मला ठाऊक आहे, नाव लिहीत नाही. इमारत चांगली, पाटी मोठी, संस्थापक आदरणीय. दहा वर्षांत तिथं सात समुपदेशक बदलल्या. मी तिथं दोन वर्षं जात-येत होते आणि हे उघड्या डोळ्यांनी पाहत होते, पण त्यांच्या विश्वस्तांसमोर कधी बोलले नाही. बोलायला हवं होतं. विश्वस्त मंडळात चौघे एकाच घरातले होते. मुलींना रजा मागायची तर संस्थापकांच्या पाया पडण्याच्या सुरात मागावी लागायची. बायकांना घरातल्या धाकातून सोडवणारी संस्था स्वतः धाकावर चालत होती. धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज वेळेवर गेले नाहीत, बँकेत सह्यांचा घोळ झाला, आणि एके वर्षी केंद्राला कुलूप लागलं. नोंदवह्या कुठं गेल्या ते आजही कोणी सांगू शकत नाही. त्या नोंदवह्यांत बायकांनी आपल्या तोंडानं सांगितलेलं सगळं लिहिलेलं होतं.

म्हणून या पुस्तिकेतलं नेतृत्वाच्या वारशावरचं आणि नोंदवह्यांवरचं प्रकरण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. प्रमुखानं पहिल्याच वर्षी आपल्यानंतर कोण, हे ठरवायला घ्यावं. त्यात संस्थेत वाढलेल्या मुलींचा विचार आधी करावा. एके काळी स्वतः मार खाऊन आलेली आणि आज दुसरीला न्यायालयात घेऊन जाणारी बाई विश्वस्त का होऊ नये?

आणखी एक गोष्ट बोलायला अवघड आहे. समुपदेशक ताई दिवसभर ऐकून संध्याकाळच्या एसटीनं घरी जाते, तेव्हा तिच्या घरी काय असतं हे आपण विचारत नाही. तिच्याही घरी आदळआपट असू शकते, तिच्याही कानाखाली बसलेली असू शकते. 'दुसऱ्यांना शिकवतेस, आधी स्वतःचं घर बघ' हे तिनं ऐकलेलं असतं. ती कोणाकडे जाईल? आपल्याच केंद्रात ती जाऊ शकत नाही. प्रमुखानं हा प्रश्न आपण होऊन, एकटीला बसवून, महिन्या-दोन महिन्यांनी विचारावा. तालुक्याबाहेरच्या एखाद्या अनुभवी बाईशी तिची गाठ घालून द्यावी. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक आस्थापनेत लागते, त्यात आपल्या संस्थाही आल्या. कमी माणसं असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तिचा पत्ता भिंतीवर असावा.

पुस्तिका वाचताना एक विनंती. ती एकट्या प्रमुखानं कपाटात ठेवू नये. केस बैठकीत सतरंजीवर ठेवावी, मावशींनाही वाचून दाखवावी, आणि जिथं आपल्या गावचं वास्तव वेगळं आहे तिथं समासात लिहावं. ऊसतोडीचं प्रकरण तर मंठा-परतूरच्या कार्यकर्त्यांनी पुन्हा लिहावं असं मला वाटतं. बाई कारखान्यावर निघण्याआधी कारखान्याचं नाव, मुकादमाचा नंबर, टोळीतल्या एखाद्या विश्वासाच्या बाईचं नाव लिहून घ्यायचं, ही पद्धत त्यांच्याच अनुभवातून आलेली आहे.

आणि जालन्याच्या व्यापाऱ्यांना, कारखानदारांना, बियाणं कंपन्यांच्या मालकांना माझं हात जोडून सांगणं आहे. इमारत देऊ नका, मशिनं देऊ नका. आठ तालुके आहेत. एकेका तालुक्यातल्या एका समुपदेशक ताईचा पगार पाच वर्षांसाठी उचला. त्याचा फोटो निघणार नाही. करार मात्र ३१ मार्चला संपवू नका, तो जूनपर्यंत ठेवा. चैत्रात बायका परत येतात.